सूर, स्पर्श आणि रुग्णाची लय

भाईंदर पश्चिमेच्या टेंबा भागातल्या सार्वजनिक रुग्णालयाला भारतरत्न पंडित भीमसेन जोशी यांचे नाव आहे. पुण्यात दीनानाथ मंगेशकर रुग्णालय आहे, नागपुरात लता मंगेशकर रुग्णालय. दवाखान्याच्या पाटीवर गाणाऱ्याचे नाव लिहिणारा हा आपला प्रांत, आणि ते लिहिताना गाण्याने माणूस बरा होतो असा पुसटसा विश्वास आपल्या मनात असतो. स्पर्शाचेही तसेच. आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवला की त्याला बरे वाटते, हे कोणाला शिकवावे लागत नाही. या दोन समजुतींतले किती कसोटीला उतरते, त्या कुठे थांबतात आणि दोहोंच्या मुळाशी काही समान आहे का, हे इथे तपासायचे आहे. माझे म्हणणे आधीच मांडतो. सूर आणि स्पर्श जिथे खरोखर गुण देतात, तिथे बहुतेक वेळा एक जीव दुसऱ्याच्या लयीला आपली लय जुळवून घेत असतो. ही जुळणी नसेल तर स्पर्शाचा नुसता दाब उरतो आणि संगीताचा नुसता आवाज.

गुण येणे म्हणजे काय

बोलण्यात आपण तीन निराळ्या गोष्टींना ‘बरे होणे’ म्हणतो. रोगाचे कारण नाहीसे होणे ही पहिली. वेदना, धडधड, झोपमोड असा त्रास कमी होणे ही दुसरी. आजार असतानाही माणसाने जगण्यात रस टिकवून धरणे ही तिसरी. संगीत आणि स्पर्श यांविषयीचे बहुतेक वाद या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे होतात.

कुमार गंधर्वांचे उदाहरण मला यासाठी फार मोलाचे वाटते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस ऐन पंचविशीत त्यांना क्षयाने गाठले. हवापालटासाठी ते देवासला जाऊन राहिले. गाणे पूर्ण बंद होते. अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्यातली लोकगीते त्यांच्या कानावर पडत राहिली, त्यांची जडणघडण ते मनाशी तपासत राहिले, आणि पुढे त्यातूनच नवे राग, नव्या बंदिशी आल्या. पण फुप्फुसातला जंतू त्या गाण्यांनी मारला नाही. तो स्ट्रेप्टोमायसिनने मारला. हे औषध हाती आले नसते तर कुमारांचे पुढचे गाणे आपल्याला ऐकायला मिळाले असते की नाही, याची शंकाच आहे. उलट, औषध मिळाले पण अंथरुणावरच्या त्या वर्षांत कानाला आणि मनाला काहीच मिळाले नसते, तर उठून बसलेला माणूस कोणता असता? पहिल्या अर्थाने ते औषधाने बरे झाले, तिसऱ्या अर्थाने गाण्याने. एकाचे श्रेय दुसऱ्याला दिले की दोघांवरही अन्याय होतो.

कुष्ठरोगाचे उदाहरण याहून कठोर आहे. हा जंतू त्वचेखालच्या नसांवरच घाला घालतो, त्यामुळे रुग्णाची स्पर्शाची जाणीवच हरपते. त्याच वेळी समाजही त्याला हात लावायचे थांबवतो. स्पर्श असा आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून जातो. बाबा आमट्यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले तेव्हा आजची बहुऔषधी उपचारपद्धती अस्तित्वात नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली ती १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. जंतू मारण्याचे काम औषधांनी केले. समाजाने काढून घेतलेला हात परत देण्याचे काम मात्र औषधाला जमणारे नव्हते, ते माणसांनीच केले. याच आनंदवनात पुढे ‘स्वरानंदवन’ हा तिथल्या रहिवाशांचा वाद्यवृंद उभा राहिला, हे मला योगायोगाचे वाटत नाही.

स्पर्श

स्पर्शाने बरे वाटते असे सरसकट म्हणणाऱ्याने सकाळी भाईंदरहून चर्चगेटला जाणारी लोकल पकडून पाहावी. गर्दीच्या वेळी मुंबईच्या डब्यात एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसे उभी असतात. पाठ, खांदे, कोपर, दंड, सगळीकडे माणसेच टेकलेली. तासाभराहून अधिक वेळ, दिवसातून दोनदा, इतका मानवी स्पर्श जगात फार थोड्यांच्या वाट्याला येत असेल, आणि त्याने कोणाचाही रक्तदाब उतरत नाही. म्हणजे त्वचेला त्वचा लागणे पुरेसे नाही. मग आणखी काय लागते?

त्वचेतून मेंदूकडे जाणारे तंतू एका जातीचे नाहीत. काही जाड, वेगवान तंतू कुठे लागले, किती जोराने लागले, वस्तू खरखरीत की गुळगुळीत, ही बातमी पोचवतात. गुडघा आपटला की आपण नकळत तो चोळतो. त्या चोळण्याने हेच जाड तंतू जागे होतात आणि मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाची वाट अडते. १९६५ साली मेलझॅक आणि वॉल यांनी मांडलेला हा ‘दारा’चा सिद्धांत. त्याचे तपशील पुढे बदलले, गाभा टिकून आहे.

दुसऱ्या जातीच्या तंतूंचा शोध माणसात १९९०च्या दशकात, मुख्यतः स्वीडनमधल्या संशोधकांनी, लावला. हे बारीक तंतू केसाळ त्वचेत असतात, तळहातावर जवळपास नसतात, आणि त्यांची बातमी सेकंदाला जेमतेम एक मीटर या वेगाने जाते. टोचणे, दाबणे यांत त्यांना फारसा रस नाही. हळुवार फिरणाऱ्या हाताला मात्र ते उत्तर देतात, आणि त्यातही हाताचा वेग सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर असेल तेव्हाच. ३ सेंटिमीटरच्या आसपास त्यांचा प्रतिसाद सर्वाधिक असतो. हाताचे तापमान त्वचेइतके कोमट असले तर तो आणखी वाढतो. त्यांचा संदेश मेंदूच्या ज्या भागात पोचतो तो भाग शरीराची अंतर्गत स्थिती आणि भावना यांचा हिशेब ठेवणारा आहे. पाठीवरून हात फिरवताना आपण कोणता वेग धरतो ते पाहा. आईवडिलांना मुलाला कुरवाळायला सांगून मोजले, तेव्हा कोणीही न सांगता त्यांचा हात याच टप्प्यात फिरत होता. त्याच माणसांना कृत्रिम हात कुरवाळायला दिला तर हा वेग सुटतो. देणारा हात आणि घेणारी त्वचा एकमेकांसाठीच बेतलेली दिसतात. लोकलमधल्या धक्क्याला ना हा वेग असतो, ना तो कधी कुठून येणार हे ठाऊक असते, ना तो नको म्हणता येतो.

मीरा रोड-भाईंदरच्या कुठल्याही इमारतीत बाळंतीण घरी आली की तेल लावायला मावशी येतात. त्या काय करतात ते जवळून बघण्यासारखे आहे. नारळाच्या तेलाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेली असते. मावशी भिंतीला टेकून पाय लांब सोडून बसतात, नडग्यांवर बाळ पालथे घेतात, दोन्ही तळवे एकमेकांवर चोळून ऊन करतात आणि मगच बाळाला हात लावतात. सुरुवात पायांपासून. मग मांड्या, पाठ, खांदे. बाळ कुरकुरले तर हात हलका होतो. रडता रडता त्याने श्वास धरला तर हात जागीच थांबतो, पाठीवर नुसता टेकून राहतो, आणि श्वास सुटला की तिथूनच पुढे निघतो. मावशींना या तंतूंचे नाव ठाऊक नाही. पण कोमट हात, संथ वेग आणि बाळाच्या श्वासाकडे लक्ष, या तिन्ही गोष्टी त्यांच्या बोटांत आहेत.

या परंपरेची तपासणी इथून फार दूर झालेली नाही. मुंबईतल्या शीवच्या पालिका रुग्णालयातील नवजात शिशुतज्ज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही बाळांना नारळाच्या तेलाने, काहींना खनिज तेलाने मालिश केले, आणि तिसरा गट तेलाविना ठेवला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत नारळाच्या तेलाच्या गटाचे वजन इतर दोन्ही गटांपेक्षा जास्त वेगाने वाढले. त्याआधी १९८६ साली अमेरिकेत टिफनी फील्ड यांनी अपुऱ्या दिवसांच्या ४० बाळांवर केलेला प्रयोग गाजला होता. रोज तीनदा १५ मिनिटे मालिश मिळालेल्या बाळांचे वजन ४७ टक्के जास्त वाढले आणि ती सहा दिवस आधी घरी गेली. त्याच गोटातून मालिशने ताणाचे संप्रेरक, कॉर्टिसॉल, एकदम उतरते असाही दावा बरीच वर्षे होत राहिला. तो नंतरच्या काटेकोर तपासणीत फारसा टिकला नाही. उतार पडतो, पण नगण्य. चिंता आणि नैराश्य कमी होण्याचा परिणाम मात्र टिकला. दावा अर्धा खोटा ठरला म्हणून अनुभव खोटा ठरत नाही. कारणाचा शोध दुसरीकडे घ्यावा लागतो, एवढेच.

मालिशच्या काही रीती सोडून द्याव्यात, हेही इथेच सांगायला हवे. नाकात, कानात तेल सोडणे धोक्याचे आहे. हातपाय ओढून ताणणे, नाक चिमटून ‘सरळ’ करणे यांना कसलाही आधार नाही. मीरा-भाईंदरमध्ये एकाच मजल्यावर कोकणी, गुजराती आणि उत्तर भारतीय घरे नांदतात, त्यामुळे मोहरीच्या तेलाचा प्रश्नही येतो. प्रयोगशाळेत या तेलाने त्वचेचा संरक्षक थर सावरायला उशीर झालेला दिसला आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला ते लावू नये.

सूर

संगीताबाबत आपल्याकडे सर्वांत जास्त खपणारी गोष्ट म्हणजे रोग आणि राग यांची कोष्टके. निद्रानाशाला अमुक राग, रक्तदाबाला तमुक, दम्याला तिसराच. अशी कोष्टके छापली जातात, व्याख्यानांत दाखवली जातात, आणि लोक ती श्रद्धेने जपून ठेवतात. रागाला वेळ असते, रस असतो, त्याचा मनावर खोल परिणाम होतो, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण एका रागाचे एका रोगाशी नाते जोडणारा भक्कम पुरावा नाही, आणि रुग्णाला कोष्टक देऊन गोळी थांबवायला सांगणारा माणूस संगीताचा मित्र नव्हे.

पुरावा वेगळ्याच दिशेला बोट दाखवतो. इटलीतल्या पाविया येथील हृदयतज्ज्ञ लुचियानो बर्नार्दी यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ जणांना सहा प्रकारचे संगीत ऐकवले. त्यात आपला सितारीवरचा राग होता, विवाल्दी होता, बीथोव्हन होता, रॅप आणि टेक्नोही होते. श्वास, नाडी आणि रक्तदाब यांवर परिणाम झाला तो मुख्यतः गतीनुसार. द्रुत लयीत सगळे वाढले, संथ लयीत निवळले. शैली कोणती आणि ऐकणाऱ्याची आवड कोणती, याला फारसे महत्त्व उरले नाही. मला सर्वांत विलक्षण वाटते ती यातली आणखी एक नोंद. संगीताच्या मध्येच दोन मिनिटांची शांतता सोडली होती, आणि त्या शांततेत हृदयाचे ठोके आणि रक्तदाब संगीत सुरू होण्याआधीच्या पातळीपेक्षाही खाली गेले. बडा ख्याल ऐकणाऱ्याला हे नवे नाही. समेवर आल्यानंतर गवई जो क्षणभर थांबतो, त्या थांबण्यातच श्रोता श्वास सोडतो.

याच बर्नार्दींचा आधीचा, २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेला अभ्यास मीरा-भाईंदरच्या वाचकाने मुद्दाम लक्षात ठेवावा असा आहे. त्यांनी २३ निरोगी माणसांना दोन गोष्टी म्हणायला लावल्या: ख्रिस्ती जपमाळेतली लॅटिन प्रार्थना आणि एक तिबेटी बौद्ध मंत्र. दोन्हींच्या पठणात श्वास मिनिटाला सुमारे सहावर आला. रक्तदाबाला स्वतःची साधारण दहा सेकंदांची एक लाट असते. मिनिटाला सहा श्वास म्हणजे नेमके दहा सेकंदांचे एक आवर्तन. श्वासाची लाट आणि रक्तदाबाची लाट एकमेकींवर बसल्या की रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा जास्त चोख चालते, आणि तेच त्यांना मापात दिसले. दोन वेगळे धर्म, दोन वेगळ्या भाषा, आणि दोन्हींनी न ठरवता एकच माप गाठले.

उत्तनच्या कोळीवाड्यात संध्याकाळी रोझरी म्हणतात तेव्हा तिची घडण अशीच असते. अर्धी प्रार्थना पुढे बसलेली एखादी बाई म्हणते, उरलेली अर्धी सगळे मिळून. एकाच्या म्हणण्यात दुसऱ्याचा श्वास होतो. ऑक्टोबर महिनाभर घरोघरी हे चालते. तिथून काही किलोमीटरवर, भाईंदरच्या एखाद्या सोसायटीच्या आवारात गुरुवारी भजन बसले की घडण तीच: बुवा ओळ म्हणतात, टाळकरी ती उचलून धरतात. आपली ओळ नसते त्या वेळात फुप्फुसे भरून घ्यायची. दम्याने किंवा दीर्घकाळच्या फुप्फुसविकाराने बेजार झालेल्यांसाठी परदेशांत गाण्याचे वर्ग चालवतात. लांब उच्छ्वास आणि आखलेला श्वास, हाच त्यांचाही कणा असतो.

ऐकणे आणि गाणे यांतला फरकही इथे येतो. रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले की गाणे, नाचणे, ताल वाजवणे यांनंतर माणसाची वेदना सोसण्याची मर्यादा वाढते. नुसते ऐकून ती तशी वाढत नाही. ऑक्सफर्डच्या वल्हेकरींनी एकट्याने आणि एकत्र तालात वल्ही मारली, तेव्हा श्रम तेवढेच असूनही एकत्र मारल्यावर सहनशक्ती जास्त वाढली. शरीरातली नैसर्गिक वेदनाशामके एकत्र, एका तालात हलण्याने जास्त स्रवतात असा त्यांचा अंदाज आहे. पुन्हा त्याच लोकलचा डबा आठवावा. विरार-भाईंदर पट्ट्यातून निघणाऱ्या गाड्यांत भजनी मंडळे असतात. ठरलेला डबा, ठरलेली जागा, पिशवीतून निघालेले टाळ, खिडकीशी विठ्ठलाची तसबीर. गर्दी तेवढीच, खांद्याला खांदा तसाच घासतो. पण गजर सुरू झाला की घासणारे खांदे एकाच तालात हलू लागतात, आणि मघाशी जो धक्का होता तो सोबत होतो. शेजारी उभ्या असलेल्या, भजन नको असलेल्या प्रवाशाला मात्र तोच आवाज छळतो. त्याची तक्रारही खरीच आहे, कारण तो त्या तालात सामील नाही.

शस्त्रक्रियेच्या बाबतीत पुरावा भरपूर आहे. ‘लॅन्सेट’मध्ये २०१५ साली ७३ चाचण्यांचा, सुमारे ७,००० रुग्णांचा, एकत्रित आढावा आला. शस्त्रक्रियेच्या आधी, चालू असताना किंवा नंतर संगीत ऐकलेल्या रुग्णांना वेदना कमी झाल्या, चिंता कमी झाली, वेदनाशामक औषधे कमी लागली. रुग्णालयातले दिवस मात्र कमी झाले नाहीत. दुसऱ्या अर्थाने गुण, पहिल्या अर्थाने नाही. पक्षाघातानंतर हेलसिंकीत ६० रुग्णांवर केलेला, २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याहून एक पाऊल पुढे जातो. दोन महिने रोज किमान तासभर आपल्या आवडीचे संगीत ऐकणाऱ्यांची शब्दस्मृती ६० टक्क्यांनी सुधारली. बोलकी पुस्तके ऐकणाऱ्यांची १८ आणि काहीच न ऐकणाऱ्यांची २९ टक्क्यांनी. इथे मेंदू पुन्हा जुळण्याच्या प्रक्रियेलाच मदत झालेली दिसते. गाणी रुग्णाने निवडलेली होती, हे विसरू नये.

दोन्ही एकत्र येतात तिथे

डाव्या मेंदूत रक्तस्राव झालेल्या कित्येकांना बोलता येत नाही, पण पाठ असलेले गाणे शब्दांसकट म्हणता येते. १९७३ साली बोस्टनमधल्या तज्ज्ञांनी याच कोड्यावरून एक उपचारपद्धती बेतली. मराठीत ती अशी चालेल. उपचारक रुग्णासमोर बसतो, त्याचा डावा हात आपल्या हातात घेतो. ‘पाणी दे’ हे शब्द तो दोनच सुरांत गुणगुणतो, एक वरचा, एक खालचा: ‘पा’ वर, ‘णी’ खाली, ‘दे’ पुन्हा वर. प्रत्येक अक्षराला रुग्णाचा हात टेबलावर एकदा टेकवतो. आधी एकटा उपचारक, मग दोघे मिळून, मग उपचारक मधेच आवाज काढून घेतो आणि रुग्ण एकटा पुढे जातो. हळूहळू सूर पुसट होत जातो आणि उरते ते बोलणे. शिकवलेली वाक्ये यातून परत येतात. रोजच्या मोकळ्या संभाषणापर्यंत फायदा पोचणे त्याहून अवघड असते. तरीही सूर आणि हात एकाच अक्षरावर एकत्र पडतात असा इतका स्वच्छ नमुना दुसरा नाही.

आपल्या घरांत याचे रोजचे रूप म्हणजे थोपटणे. आई बाळाला खांद्यावर घेते, अंगाई म्हणते आणि पाठीवर थोपटते. तीन लयी एकाच वेळी चालू असतात: थोपटण्याची, गाण्याची आणि तिच्या झुलण्याची. बाळ जोरात रडत असेल तर ती सुरुवातीला भरभर थोपटते, मोठ्याने म्हणते, जणू त्याच्या घाईशी आधी बरोबरी करते. मग थोपटणे सावकाश करत नेते आणि बाळाला आपल्यामागून खाली उतरवते. आधी जुळायचे, मग न्यायचे. संगीतोपचारक प्रशिक्षणात हेच शिकतात. अमेरिकेतल्या ११ अतिदक्षता विभागांत २७२ अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर जोआन लोवी यांनी केलेल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संगीत प्रत्यक्ष, बाळाच्या श्वासाकडे बघत वाजवले किंवा गायले गेले. आईवडिलांना जवळचे वाटणारे गाणे संथ करून अंगाईसारखे म्हटले, तेव्हाही बाळांचे ठोके, चोखणे, झोप यांत सुधारणा दिसली.

कोणाचा हात, हा प्रश्नही सुटत नाही. जेम्स कोन यांनी २००६ साली १६ विवाहित स्त्रियांना हलक्या विजेच्या धक्क्याची धास्ती दाखवून मेंदूची चित्रे घेतली. अनोळखी माणसाचा हात धरल्यावर भीतीचा प्रतिसाद थोडा उतरला, नवऱ्याचा हात धरल्यावर जास्त, आणि ज्यांचे नाते समाधानाचे होते त्यांच्यात सर्वाधिक. २०१८ मध्ये २२ जोडप्यांवर झालेल्या प्रयोगात वेदना सोसणाऱ्या बायकोचा हात नवऱ्याने धरला असता दोघांच्या मेंदूंच्या लहरी एकमेकींशी जुळू लागल्या, आणि जितकी जुळणी जास्त तितकी वेदना कमी. सुमारे १३ हजार माणसांवरच्या अभ्यासांचा २०२४ सालचा एकत्रित आढावा सांगतो की नवजात बाळाला आईवडिलांच्या स्पर्शाचा फायदा अनोळखी व्यक्तीच्या स्पर्शापेक्षा जास्त होतो. मोठ्यांच्या बाबतीत दीर्घ एका बैठकीपेक्षा वारंवार मिळणारा स्पर्श महत्त्वाचा ठरतो.

म्हणूनच नको असलेला स्पर्श आणि नको असलेले संगीत यांना या विवेचनात अपवाद म्हणून बाजूला काढता येत नाही. ज्याच्या शरीरावर कधी बळजबरी झाली आहे, त्याला सद्भावनेने पाठीवर ठेवलेला हातही चटका देऊ शकतो. रुग्णाला विचारून हात लावणे हा उपचाराचाच भाग आहे. संगीताचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार वॉर्डात रात्री आवाज ३० डेसिबलच्या आसपास असावा. आपल्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालयाभोवतीचे किमान १०० मीटर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येते, आणि तिथे दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा असते. शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकाच्या मोबाइलवरून मोठ्याने वाजणारे भक्तिगीत, गीत कितीही गोड असले तरी, तापाने फणफणलेल्या माणसासाठी गोंगाटच आहे. रुग्णाच्या कानाला त्याचा स्वतःचा हेडफोन, त्याने निवडलेले गाणे आणि बंद करण्याचा अधिकार, एवढे झाले तरी खूप.

आईची खाट

या सगळ्या पुराव्यात जीव वाचवणारा, म्हणजे पहिल्या अर्थालाच हात घालणारा पुरावा एकच आहे, आणि तो स्पर्शाचा आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली काचपेट्या अपुऱ्या पडत म्हणून डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी उभी बांधून ठेवायला सुरुवात केली. आज तिला कांगारू मातृसेवा म्हणतात. बरीच वर्षे नियम असा होता की बाळ स्थिरस्थावर झाले की मगच ते आईकडे द्यायचे. तो नियम २०२१ साली मोडला. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या पाच रुग्णालयांत १ ते १.८ किलो वजनाच्या ३,२११ बाळांवर जागतिक आरोग्य संघटनेने चाचणी घेतली. भारतातले केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. एका गटातली बाळे जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी दिली, दिवसाला सुमारे १७ तास. दुसऱ्या गटातली नेहमीप्रमाणे, स्थिर झाल्यावर. पहिल्या २८ दिवसांत दुसऱ्या गटातली १५.७ टक्के बाळे दगावली, पहिल्या गटातली १२ टक्के. फरक इतका स्पष्ट दिसू लागला की देखरेख मंडळाने चाचणी मुदतीआधी थांबवायला सांगितले, आणि २०२२ साली संघटनेने आपली शिफारस बदलली. आईची छाती बाळाचे तापमान राखते, तिचे जंतू बाळाच्या त्वचेवर वस्तीला येतात, दूध लवकर सुरू होते. आणि बाळाच्या कानाशी तोच ठोका असतो जो त्याने गर्भात ऐकला होता. सूर आणि स्पर्श इथे वेगळे काढताच येत नाहीत.

२०११च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८,०९,३७८ होती, आणि शहर त्यानंतरही वाढतच राहिले आहे. एवढ्या मोठ्या शहरात कमी वजनाची बाळे रोजच जन्माला येणार. या चाचणीतून त्यांच्यासाठी जे हाती लागते ते अगदी व्यवहाराचे आहे. त्या पाच रुग्णालयांना सर्वांत मोठा बदल करावा लागला तो जागेचा. नवजात अतिदक्षता विभाग आईला बाहेर ठेवण्यासाठी बांधलेले होते. आई प्रसूती कक्षात, बाळ दुसऱ्या मजल्यावर, आणि भेटीची वेळ ठरलेली. चाचणीसाठी भिंती हलवल्या, बाळांच्या विभागातच आईसाठी खाट टाकली, तिच्या टाक्यांची आणि रक्तदाबाची तपासणी तिथेच होऊ लागली, आणि आई दमली तर छातीशी बाळ धरायला घरातल्या दुसऱ्या माणसाला आत येऊ दिले. भाईंदर असो की मीरा रोड, यापुढे इथल्या कुठल्याही रुग्णालयात बाळांच्या विभागाचा नकाशा मंजुरीला येईल तेव्हा पहिल्यांदा शोधायची ती आईची खाट.